मकबऱ्याचे मिनार आत झुकतात, ज्वारीचा फोटो सपाट येतो. कंपोझिशन (फोटोतली मांडणी) कुठून शिकू?

जालनेकर_०७
क्रॉप सेन्सरची (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमी किट लेन्स. स्क्रीनवरच्या रेषांची ग्रिड चालू ठेवून रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे आडवे-उभे तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवणं) पाळतोय. पण बीबी का मकबरा मधून बाजूला सरकवला की फोटो लंगडा वाटतो, मिनार वर जाताना आत कलतात. शेताचे फोटो म्हणजे वर आभाळ, खाली ज्वारी, बस्स. काय चुकतंय?

भिंगवाला
मकबऱ्याला थर्ड्स लावूच नका. वास्तूच डावी-उजवी सारखी बांधलीय, समोर मधोमध कारंज्यांचा पाट. तिथं एकतर अगदी मध्य धरा, नाहीतर ठळकपणे बाजूला जा. 'जवळपास मधोमध' सगळ्यात वाईट. तपासायचं असं: जवळच्या कारंज्याची तोटी घुमटाच्या कळसाच्या बरोबर खाली आली पाहिजे. अर्धा फूट इकडं-तिकडं झालात तरी तोटी आणि कळस एका रेषेत राहत नाहीत.

मिनार कलतात ते कॅमेरा वर उचलल्यामुळं. सेन्सर इमारतीला समांतर राहत नाही. १८ वर जवळून काढण्याऐवजी दरवाज्याकडं मागं या, ३५ ते ५० वर झूम करा, कॅमेरा वर न उचलता सरळ समोर धरा. मग खाली भरपूर जमीन येईल, ती पाटानं भरा. पाटात पाणी असेल आणि वारा पडलेला असेल तर मोबाईल उलटा धरून लेन्स पाण्याच्या अगदी जवळ न्या, प्रतिबिंब पूर्ण मिळतं. मागं यायला जागाच नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं, पण त्यात कडा कापल्या जातात. म्हणून मिनारांच्या बाहेर दोन्हीकडं फ्रेमचा दहावा भाग तरी मोकळा सोडा.

बांधावरचा
ज्वारीचं वेगळं. 'खाली बसा' हा सल्ला हरभऱ्याला ठीक, डोक्याएवढ्या ज्वारीत बसलात तर नुसती ताटं दिसतील. ट्रॉलीवर नाहीतर मचाणावर चढा, म्हणजे कणसांचे थर एकामागं एक सुटे होतात. उभ्यानं काढलं की सगळी कणसं एकाच पट्टीत चेपतात, तुमचा सपाटपणा तिथला आहे.

तासांच्या रेषा फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यातून आत आणा. जवळ एक कणीस हवंच. १८ वर, एफ-११ (लेन्सचं छिद्र बरंच लहान), फोकस दीड मीटरवर ठेवला तर साधारण पाऊण मीटरपासून पार लांबच्या बांधापर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. त्याहून जवळचं कणीस धूसर होणार. वारा असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको. ढग असतील तर क्षितिज खालच्या तिसऱ्या भागावर. एप्रिल-मे मधलं पांढरंफटक आभाळ असेल तर ते जवळजवळ कापूनच टाका, त्याला फ्रेममध्ये काही काम नाही.

चौकट
वरचं दोन्ही पटलं. पण शिकण्याचा क्रम उलटा करा, ग्रिड सगळ्यात शेवटी. आधी मागं काय आहे ते बघा, मग चारही कडा, मग विषयाची जागा. माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असेल तर थर्ड्स काय करणार? एक पाऊल बाजूला सरका, खांब सुटतो.

सराव: झूमची रिंग ३५ वर चिकटपट्टीनं बांधा. क्रॉप सेन्सरवर ते फुल-फ्रेमच्या ५० च्या आसपास पडतं. झूम बंद, म्हणजे पुढं-मागं पायानंच जावं लागेल. गावातला पार घ्या, बारा फ्रेम काढा, दर वेळी एकच गोष्ट बदला: उंची, अंतर, नाहीतर बाजू. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशानं पडला ते कळत नाही.

वेरूळला गेलात तर कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर जा. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. तिथं फोटोत आकारच कळत नाही ही खरी अडचण. अंगणातल्या ध्वजस्तंभाजवळून कुणी जाईपर्यंत थांबा, माणूस आला की उंची आपोआप दिसते.

जालनेकर_०७
मोबाईलवर ०.५ (जास्त रुंद दिसणारी लेन्स) वापरून मागं यायचं टाळता येईल का?

भिंगवाला
नाही. त्यात कडेचे मिनार ताणून जाड होतात आणि घुमट लांब पळतो. त्यापेक्षा २एक्स (दुप्पट झूम) लावा आणि वीस-पंचवीस पावलं मागं चला.