जर्मनीत मास्टर्ससाठी विद्यापीठ निवडताना

प्रेषक: सभासद, स्टुटगार्ट
विषय: भाचीच्या प्रवेशाबाबत सल्ला हवा आहे

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझी भाची सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात शिकत असून पुढील हिवाळी सत्रापासून जर्मनीत मास्टर्स करण्याचे तिने ठरवले आहे. पुण्यातील एका सल्लागाराने बर्लिनमधील एका खासगी विद्यापीठाचे प्रवेशपत्र पंधरा दिवसांत मिळवून देण्याची हमी दिली आहे आणि शुल्काचा पहिला हप्ता याच महिन्यात भरावा असा आग्रह धरला आहे. प्रवेश एकदा हातात पडला की जिवाला घोर राहणार नाही, म्हणून बहिणीचा आणि मेहुण्यांचा कल तिकडे झुकतो आहे. भाचीच्या मनात मात्र आखेन किंवा ब्राउनश्वाइगचे तांत्रिक विद्यापीठ आहे, तर तिच्या एका मैत्रिणीने एसलिंगेनचे होखशूले (उपयोजित, उद्योगाभिमुख शिक्षण देणारी उच्चशिक्षण संस्था) सुचवले आहे. निवड नेमकी कशावरून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आपली,
सभासद, स्टुटगार्ट

प्रेषक: सभासद, हानोवर
विषय: उत्तर: भाचीच्या प्रवेशाबाबत

ताई, सप्रेम नमस्कार.

पहिला हप्ता तूर्त थांबवायला सांगा, एवढे मी ठामपणे लिहितो. खासगी विद्यापीठ म्हणजे फसवणूक असे मुळीच नाही. ज्या संस्थेला जर्मन राज्याची मान्यता आहे तिची पदवी कायद्याने सरकारी विद्यापीठाच्या पदवीइतकीच ग्राह्य असते. परंतु दोन गोष्टींचे उत्तर सल्लागाराकडून लेखी घ्यावे. मिळणारी पदवी जर्मन राज्यमान्य संस्थेची आहे की परदेशी विद्यापीठाची येथे चालणारी शाखा ती देणार आहे, हे एक; आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ, वर्गात बसून शिकण्याचा आहे की त्याचा मोठा भाग ऑनलाइन आहे, हे दुसरे. शिक्षणासाठीचा निवास परवाना प्रत्यक्ष हजेरीच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमावर बेतलेला असतो, त्यामुळे ऑनलाइन भाग जास्त निघाला तर सगळे शुल्क भरूनही परवाना अडकू शकतो. मान्यताप्राप्त संस्थांची यादी ‘होखशूलकोम्पास’ या संकेतस्थळावर आहे, ती आधी पाहावी.

खर्चाच्या बाबतीत ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आता सरसकट खरे राहिलेले नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही सत्राची वर्गणी तेवढी भरावी लागते. पण तुमचे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेते, म्हणजे एसलिंगेनचा विचार करताना ते धरावेच लागतील, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे.

आता मुख्य मुद्दा. विद्यापीठाचे नाव, शहर किंवा क्रमवारी यांपेक्षा त्या अभ्यासक्रमाचे ‘मोडूलहांडबुख’ (विषयवार माहितीपुस्तिका) आणि प्रवेशाची नियमावली या दोन दस्तऐवजांवरून निवड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हांडबुखात प्रत्येक विषयाचा आशय, क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक), अध्यापनाची भाषा आणि परीक्षेचा प्रकार दिलेला असतो, तर नियमावलीत पदवीला कोणत्या विषयाचे किती क्रेडिट झालेले असावेत याची अट असते. आपल्या मुलांचे अर्ज नेमके येथेच नाकारले जातात, आणि गुण उत्तम असूनही नकार का आला हे घरच्यांना कधी उमगत नाही. भाचीला एक तक्ता करायला सांगा: डावीकडे विद्यापीठाने मागितलेले विषय, उजवीकडे तिने शिकलेले विषय. ‘थिअरी ऑफ मशीन्स’, ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’, ‘हीट ट्रान्सफर’ आणि गणिताचे सगळे पेपर प्रत्येकी कोणत्या अटीत बसतात ते तिने अभ्यासक्रमपत्रिका समोर ठेवून लिहावे. युरोपात पूर्णवेळ शिक्षणाच्या एका वर्षाला ६० क्रेडिट धरतात आणि आपल्या विद्यापीठांचे क्रेडिट त्याहून वेगळे मोजले जातात, म्हणून आकड्याला आकडा न लावता त्या विद्यापीठाची रूपांतराची पद्धत विचारून घ्यावी. तक्त्याची उजवी बाजू जिथे रिकामी राहील तिथे अर्जाचे पैसे घालवू नयेत.

गुणांचेही असेच आहे. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा उत्तीर्णतेचा शेवटचा गुण असतो, आणि रूपांतरासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात, म्हणजे सर्वोच्च गुण, उत्तीर्णतेची मर्यादा आणि मिळालेले गुण यांवरून जर्मन गुण काढतात. दहापैकी ८ सीजीपीए असेल आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल तर जर्मन गुण २.० येतो, तीच मर्यादा ५ धरली गेली तर तो २.२ होतो. प्रवेशाची अट कडक असेल तिथे एवढ्या फरकानेही अर्ज बाहेर पडतो, म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी कोणती हे तिच्या इकडच्या भारतीय विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लिहून घ्यावे.

होखशूले की विद्यापीठ, याचे उत्तर तिला पुढे काय करायचे आहे त्यावर अवलंबून आहे. होखशूलेत प्राध्यापक होण्यासाठी उद्योगातील अनुभवाची अट असते, त्यामुळे तिथले शिक्षण कारखान्याच्या जवळ जाणारे असते, आणि स्टुटगार्टच्या परिसरात वाहन व यंत्रउद्योग असल्याने प्रबंध कंपनीत करण्याची संधी चांगली मिळते. संशोधनाची ओढ असेल तर आखेन किंवा ब्राउनश्वाइग हेच योग्य, कारण डॉक्टरेट देण्याचा अधिकार परंपरेने विद्यापीठांकडे आहे.

आपला,
सभासद, हानोवर

प्रेषक: सभासद, ड्रेस्डेन
विषय: उत्तर: भाचीच्या प्रवेशाबाबत

नमस्कार ताई,

वरील पत्राशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त परीक्षेच्या नियमांकडे लक्ष वेधते. आपल्याकडे एटीकेटी घेऊन पुढच्या वर्षात जाता येते आणि राहिलेला विषय सावकाश सुटतो. येथे मात्र एखाद्या अनिवार्य विषयाच्या ठरावीक संधी, बहुधा तीन, संपल्या की नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. म्हणून परीक्षेची नियमावली अर्जाआधी वाचावी.

वेळेचेही गणित आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेला दाखला) अनिवार्य आहे, ते तिने लगेच मागवावे. हिवाळी सत्राची १५ जुलै ही मुदत सर्वश्रुत असली तरी परदेशी अर्जदारांसाठी अनेक अभ्यासक्रम मार्च ते मे दरम्यानच बंद होतात. मेहुण्यांना ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याची, कल्पना द्यावी. २०२४ च्या सप्टेंबरपासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी नोकरीच्या मुलाखती बहुतांशी जर्मनमध्ये होतात, तेव्हा पुण्यात मॅक्समुल्लर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा वर्ग तिने आत्ताच धरावा.

आपली,
सभासद, ड्रेस्डेन

प्रेषक: सभासद, स्टुटगार्ट
विषय: उत्तर: भाचीच्या प्रवेशाबाबत

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सल्लागाराला दोन्ही प्रश्न लेखी पाठवले असून उत्तर येईपर्यंत हप्ता भरायचा नाही, हे बहिणीने मान्य केले आहे. भाचीने तक्ता सुरू केला आहे. ब्राउनश्वाइगला यंत्र अभियांत्रिकी शिकलेले किंवा शिकत असलेले कोणी मंडळात असल्यास त्यांनी मला कळवावे. तिला नियंत्रण प्रणाली या विषयाच्या क्रेडिटबद्दल विचारायचे आहे.

आपली,
सभासद, स्टुटगार्ट