वेळास ते गुहागर लिफ्ट मागत: मजा की फुकटेगिरी?

खाडीफिरस्ता: कोकणात किनाऱ्याकिनाऱ्याने वेळासहून गुहागरला जायचं तर स्वतःची गाडी नेऊच नका, असं माझं ठाम मत. मार्चमध्ये मी लिफ्ट मागत गेलो. केळशीच्या पुढे बर्फ घेऊन हर्णै बंदराला निघालेल्या टेम्पोवाल्याने घेतलं. आंजर्ल्याच्या पुलावर त्याने गाडी हळू करून बोट दाखवलं. सुरूच्या शेंड्यावर समुद्रगरुड, पंजात लोंबणारा समुद्री साप. काचा वर करून, एसी लावून गेलो असतो तर दिसला असता? दाभोळच्या फेरीबोटीत दोन सायकलवाले भेटले. धोपाव्याला उतरेपर्यंत पुढे कुठे राहायचं, कुठे जेवायचं, सगळं ठरलं.

दापोलीवाला: टेम्पोवाला माल पोचवायला निघाला होता, तुम्हाला गरुड दाखवायला नव्हे. मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसाला सहसा विमा लागू होत नाही. उतारावर समोरून डंपर आला आणि काही झालं, तर कोर्टकचेऱ्या त्याच्या नशिबी. आमची माणसं भिडेखातर थांबतात हो. त्याचा असा फायदा घ्यायचा?

मी_एसटीवाली: पुरुषाला सगळं सोपं. तिन्हीसांजेला आडे-पाडल्याच्या रस्त्यावर बाईने एकटीने हात करून दाखवावा! मी एसटीने गेले. 2023 पासून आम्हाला अर्धं तिकीट आहे. आणि माणसंच भेटायची असतील तर शेजारच्या मावशींनी केळशी येईपर्यंत माझं सासर-माहेर सगळं काढून घेतलं, उतरताना हातावर मूठभर आमसुलं ठेवली.

खाडीफिरस्ता: एसटी चुकली की पुढची कधी, हे स्टँडवरच्या माणसालाही सांगता येत नाही. आणि टेम्पो नको म्हणता, ठीक. पाच सीटच्या गाडीत एकटा माणूस जातो, त्याने का थांबू नये?

वाळूतली_पावलं: कासवांचं कुणी बोलणार आहे का? वेळासला 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कोल्हे-कुत्री अंडी उकरून खातात, म्हणून ती उचलून कुंपणाच्या आत पुन्हा पुरायची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात. ती उजेडाकडे वळतात, तरी लोक फ्लॅश मारतातच. गाडीवाले निदान वेळेवर येतात. लिफ्टवाला पिल्लं पाण्यात गेल्यावर उगवतो आणि "एखादं सोडा ना माझ्यासाठी" म्हणून गळ घालतो. अरे, ती काय आमच्या खिशात असतात?

निव्वळ_वाचक: ओडिशात 2021 साली टॅग लावलेली कासवीण जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. कुणालाही हात न दाखवता आली होती. चालू द्या.

खाडीफिरस्ता: 😄 बरं, फुकटेगिरी वाटत असेल तर पेट्रोलचे पैसे देतो की.

दापोलीवाला: तेही नको. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीने भाडं घेऊन माणसं न्यायची परवानगी नाही. पोलिसाने विचारलं तर गाडीवालाच अडकेल. फारच वाटलं तर चहा-वडापाव खिलवा. आणि त्या गरुडाचं घरटं दिसलं असेल तर जागा इथे लिहू नका. पुढच्या शनिवारी झाडाखाली वीस गाड्या लागतील.