कासेलचे मोर्चेकरी खरं बोलत होते
सरकारी दावे स्वतंत्रपणे तपासणारे अभ्यासक आणि कार्यकर्ते नक्की करतात काय, असं विचारलं जातं. जर्मनीचं उदाहरण देते. २००० ते २००६ दरम्यान तिथे नऊ स्थलांतरितांना, त्यातले आठ तुर्की वंशाचे, गोळ्या घातल्या. पोलीस घरच्यांवरच संशय घेत राहिले. वर्तमानपत्रांनी तर डोनर या तुर्की खाद्यपदार्थावरून 'डोनर-खून' असं नाव ठेवलं! मे २००६ मध्ये ही कुटुंबं कासेल शहरात रस्त्यावर उतरली, 'दहावा बळी नको' म्हणत. दहावा बळी २००७ मध्ये गेलाच. मारेकरी नवनाझी होते हे उघड व्हायला २०११ उजाडलं.

या नऊपैकी एक खून कासेलच्या ज्या इंटरनेट कॅफेत झाला, तिथे एक सरकारी गुप्तचर बसला होता. 'काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही' म्हणाला. लंडनच्या 'फोरेन्सिक आर्किटेक्चर' या संशोधन गटाने त्या कॅफेची मूळ आकाराची प्रतिकृती उभारून ही साक्ष तपासली. त्यांना ती खरी वाटली नाही.