मूट कोर्टातून काय मिळालं? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

सिव्हिललाइन्सवाली

नवं सत्र सुरू झालं की लॉ कॉलेजांत मूट टीमची निवड होते आणि ज्युनिअर मुलांचे फोन सुरू होतात. "ताई, यात पडू का? अभ्यास मागे नाही ना पडणार?" विचारणाऱ्यांत भंडारा, पुसद, गडचिरोलीकडून नागपुरात शिकायला आलेली मुलं जास्त असतात. त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते की मूट हे इंग्रजी शाळेतून आलेल्यांचं काम. मला हे फार खटकतं, म्हणून हा धागा काढला.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. मूट म्हणजे काल्पनिक खटला. आयोजक हकीकत लिहून देतात, तिला प्रॉपोझिशन म्हणतात. टीममध्ये साधारण दोन स्पीकर आणि एक रिसर्चर. दोन्ही बाजूंची मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, करायची, पिटिशनरचं (दाद मागणाऱ्याचं) निळ्या कव्हरचं, रिस्पॉन्डंटचं (समोरच्याचं) लाल. मग बेंचसमोर, म्हणजे जजसमोर, एका फेरीत या बाजूने, दुसऱ्या फेरीत त्या बाजूने उभं राहायचं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला तीन मूट करावेच लागतात. प्रत्येकी १० गुण, त्यातले ५ लेखी कामाचे आणि ५ तोंडी युक्तिवादाचे. पण ते कागद पाहून वाचलेलं मूट आणि टीममध्ये जाऊन रात्ररात्र भांडत तयार केलेलं मूट, यांत फार अंतर आहे.

वकिलांनी लिहा, नोकरीतल्यांनी लिहा, कायदा सोडून गेलेल्यांनीही लिहा. करंडक आणि सर्टिफिकेट बाजूला ठेवून हाती काय राहिलं ते सांगा. पटलं नसेल तर तेही सांगा.

बोर्डावरचा

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी प्रॅक्टिस करतो.

मूटमध्ये जज बोलूच देत नाहीत. "मे इट प्लीज युअर लॉर्डशिप" म्हणून पहिला मुद्दा काढावा, तोच समोरून प्रश्न येतो. पाठ केलेलं भाषण तिथंच संपतं. आमच्या कोचनी एक शिस्त लावली होती: प्रश्न आला की आपलं वाक्य अर्धवट असलं तरी सोडायचं, आधी होय किंवा नाही म्हणायचं, मग कारण, मग त्यावरचा निवाडा, आणि तिथूनच आपल्या मुद्द्यावर परत यायचं. "त्यावर मी नंतर येतो" हे वाक्य आमच्या टीममध्ये कुणी उच्चारायचं नाही.

आज जामिनाच्या अर्जावर उभा राहतो तेव्हा हीच शिस्त कामी येते. बोर्डावर ढीगभर प्रकरणं असतात, माझ्या वाट्याला दोन-चार मिनिटं. साहेबांनी विचारलं, "चार्जशीट दाखल झाली का?" तर उत्तर "झाली" एवढंच द्यायचं असतं. जे वकील तिथं आरोपीच्या म्हाताऱ्या आईपासून सुरुवात करतात, त्यांची मिनिटं तिथंच जातात. मूटनं मला ऐकायला शिकवलं असं मी ठामपणे म्हणतो. बोलायला तर घरीही शिकलो असतो.

रिसर्चरबाई

मी एकदाही बेंचसमोर बोलले नाही. सगळ्या मूटमध्ये रिसर्चरच होते आणि आता मिहानमधल्या एका कंपनीत लीगलला आहे. स्पीकर नसाल तर मूट वाया, असं कुणी सांगत असेल तर माझं हे वाचा.

आमच्या एका प्रॉपोझिशनमध्ये सगळा खटला एका सीसीटीव्ही फुटेजवर उभा होता. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्या अशिलाकडे ते नव्हतं. शोधता शोधता २०१८ चा शफी मोहम्मद निवाडा सापडला. त्यात म्हटलं होतं की उपकरण तुमच्या ताब्यातच नसेल तर प्रमाणपत्राची अट सैल करता येते. टीमला आनंद झाला, एकीनं मेमोरियलमध्ये टाकायलाही घेतलं. पण हा निवाडा आज टिकून आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढं जायचं नाही असा माझा नियम होता. पाहिलं तर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये तो मोडीत काढलेला होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचं प्रकरण.

तो निवाडा मी मूळातून वाचला, हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, थांबले नाही. वाद असा होता की उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतले गेले का, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. न्यायालयानं सांगितलं, मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य. पण त्याच निवाड्यात पुढं हेही आहे की पक्षकारानं ते मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि ज्याच्याकडे उपकरण आहे त्यानंच दिलं नाही, तर त्या पक्षकाराला त्याची शिक्षा होणार नाही. म्हणजे आमच्या लाल मेमोरियलला पहिला भाग आणि निळ्या मेमोरियलला दुसरा. एकाच निवाड्यातून दोन्ही बाजू उभ्या राहिल्या. त्या रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही तिघी यावर पहाटेपर्यंत वाद घालत होतो, आणि कायदा खरोखर आवडू लागला तो तेव्हापासून.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आता हाच विषय कलम ६३ मध्ये आहे. ऑफिसात करार तपासताना आजही हात आधी तिकडंच जातो: हे कलम, हा निवाडा आज लागू आहे का? ही सवय मला कोणत्याही वर्गात लागली नसती.

काटोलकर

मी वकील नाही, संत्र्याचा शेतकरी. मुलगी नागपूरला लॉच्या चौथ्या वर्षाला आहे, मूटमध्ये आहे. पीक विम्याचा दावा नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा मी रागानं लिहायला बसलो होतो. पोरगी म्हणाली, "बाबा, थांबा जी, राग नंतर लिहू." तिनं आधी तारखा लावल्या. पाऊस कधी, कळवलं कधी, पंचनामा कधी. मग नेमका वाद काय ते एका ओळीत. मग नियम. आणि शेवटी आपल्याला पाहिजे काय, तेवढंच. मूटचा कागद असाच लिहितात म्हणे. त्या अर्जाची दखल घेतली गेली. पोरीच्या डोक्यात जी मांडणी आली ती पाहून लई बरं वाटलं, म्हणून लिहून राहिलो.

वैनगंगा

मी चंद्रपूरची. आता महिलांच्या प्रकरणांत कायदेशीर मदतीचं काम करते. मूटबद्दल कुणी फारसं न बोलणारी बाजू सांगते: जी बाजू मनाला पटत नाही ती मांडावी लागणं.

आमचं प्रॉपोझिशन संमतीवर होतं, आणि ड्रॉमध्ये आम्हाला आरोपीची बाजू आली. मला ते जड गेलं. तयारीसाठी तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, म्हणजे मथुरा प्रकरण, वाचायला घेतलं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातली घटना, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. आपल्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला आणि भीतीपोटी हतबल होणं म्हणजे संमती नव्हे, असं स्पष्ट सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर १९७८ मध्ये आरोपींना पुन्हा सोडलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ते गृहीत धरायचं, हे तेव्हा आलं.

हायकोर्टाच्या त्या इमारतीवरून मी कितीदा गेले असेन, पण तिथल्या न्यायमूर्तींनी आपल्या भागातल्या एका आदिवासी मुलीसाठी काय लिहिलं होतं हे मला मूटमुळं कळलं.

आरोपीची बाजू मी मांडली, नीट मांडली. ती तयारी करताना समजलं की उलटतपासणीत पहिला घाव कुठं बसतो. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, लगेच तक्रार दिली नाही. आज माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी आधीच सांगू शकते की ताई, हे प्रश्न येतील, आणि त्यांना कायद्यात उत्तर आहे. समोरच्याच्या खुर्चीत बसून पाहिल्यामुळं हे आलं.

अजनीहून

थोडक्यात लिहितो. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेची तयारी करतोय. निकालपत्र लिहिताना मुद्दे काढावे लागतात. मूटमध्ये "इश्यूज रेज्ड" लिहून लिहून ते अंगवळणी पडलं होतं, क्लासमध्ये सोबतच्यांना तिथंच अडचण येते.

रविनगर

न पटलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. आमच्या कॉलेजात (नाव घेत नाही) टीम सीनिअर्सच्या ओळखीतून ठरायची. शिवाय नोंदणी फी, प्रवास, राहणं, मेमोरियलच्या प्रती, सगळा खर्च मुलांच्या खिशातून. वडिलांना महिन्याच्या शेवटी पैसे मागायची हिंमत नव्हती, म्हणून मी दोन चांगल्या स्पर्धा सोडल्या. फायदे खरे आहेत, वरचं सगळं मला मान्य आहे. पण ते मिळवण्याचा रस्ता सगळ्यांना सारखा नाही आणि कॉलेजांनी हे मनावर घ्यायला हवं. खुली चाचणी, निनावी लेखी परीक्षा आणि किमान प्रवासखर्च, एवढं तरी.

सिव्हिललाइन्सवाली

रविनगर, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. निवड खुलीच हवी, यावर माझं दुमत नाही. खर्चाबद्दल एक भर घालते: २०२० नंतर ऑनलाइन होणारी मूटही निघाली, त्यांत प्रवासाचा प्रश्न येत नाही. पैसे भरून घ्यायचे डेटाबेस नसतील तर इंडियन कानून ही वेबसाइट आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर मोफत आहे, तिथं अधिकृत रिपोर्टमधले निवाडे मिळतात.

लवादवाला

जेसप (१९६० पासून) आणि व्हिएन्नातलं व्हिस ही जगभरातल्या मूट स्पर्धांतली मोठी नावं. आमची टीम व्हिससाठी तयारी करत होती. व्हिएन्नाला जाणं जमलं नाही, पण त्या तयारीत आंतरराष्ट्रीय मालविक्री आणि लवाद हे विषय इतके भिनले की मी पुढं लवादातच आलो. आज रस्ते-पुलांच्या कंत्राटांचे वाद पाहतो. शिकताना हे क्षेत्र आहे हेही ठाऊक नव्हतं.

एटापल्लीचा

ताईंनी गडचिरोलीचं नाव घेतलं म्हणून लिहितो. बारावीपर्यंत मराठी माध्यम. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळं हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, हे नागपुरात आल्यावर कळलं आणि धास्तीच घेतली होती. मूटमध्ये गेलो ते तेवढ्यासाठीच.

माझ्या कोच मॅडमनी सांगितलं, लांब वाक्य बोलूच नको. एका वाक्यात एक गोष्ट. "द फॅक्ट इज ऑन पेज फोर, पॅरा सिक्स." मी पूर्ण प्रॉपोझिशन पानापरिच्छेदासकट डोक्यात बसवलं. गुण कशाला असतात ते पाहिलं तर कायद्याचं ज्ञान, हकीकतीवर पकड, प्रश्नांना उत्तरं, कोर्टातलं वागणं, वेळ पाळणं. उच्चारांना वेगळा रकाना नव्हता. एका फेरीत जजनी समोरच्या फार छान बोलणाऱ्या मुलाला पान विचारलं, तो चाळत राहिला. मी पान सांगितलं.

इंग्रजी अजूनही अडखळतं. पण हायकोर्टात सीनिअरसोबत रोज उभा राहतो.

पहिलंवर्ष

सगळ्यांचे आभार. मी वर्ध्याची, पुढच्या आठवड्यात कॉलेजची निवडचाचणी आहे. एटापल्लीचे दादा, स्पीकरसाठी नाव देऊ का रिसर्चरसाठी?

एटापल्लीचा

पहिल्या वर्षी दोन्हीला दे, निवड होईल तिथं जा. चाचणीचं प्रॉपोझिशन हाती आलं की निवाडे शोधत बसू नकोस. आधी तारखांची यादी कर, कोण कोणाचं काय लागतं ते लिही, आणि हकीकतीत काय सांगितलेलंच नाही त्याचीही यादी कर. प्रश्न तिथूनच येतात. यादी झाली की इथं टाक, आम्ही पाहतो.