मदत हवी आहे: ‘देवानं केलं’ हे उत्क्रांतीपेक्षा सोपं उत्तर, म्हणून ते खरं असण्याची शक्यता जास्त असते का?

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात माझी द्राक्षबाग आहे. मुलगी दहावीत आहे. विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा, तो ती परवा मोठ्यानं वाचत होती. माझे वडील, आप्पा, सोप्यात बसून ऐकत होते. आप्पा माळकरी, वारी कधी चुकवत नाहीत. धडा संपल्यावर म्हणाले, "एवढी पानं कशाला? देवानं केलं, झालं. दोन उत्तरं असली तर सोपं ते धरायचं, आसं तूच म्हणाली न्हवं?"

ती तसं म्हणाली होती खरी. गरज नसताना गृहीतकं वाढवू नयेत, हा विचार चौदाव्या शतकातल्या ओखमच्या विल्यमच्या नावानं ओळखला जातो. तो स्वतः ख्रिस्ती संन्यासी होता, हे ऐकून आप्पांना बरं वाटलं. मी मात्र अडकलो.

मी आधी बागेतलं उदाहरण दिलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की पानावर तेलकट डाग दिसतो, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. द्राक्षावरच्या या रोगाला आम्ही डाऊनी म्हणतो. (शास्त्रज्ञ तिला खरी बुरशी मानत नाहीत, पण बागेत आम्ही बुरशीच म्हणतो.) मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकासारखं एकाच गटाचं औषध सारखं मारत राहिलं की पुढं ते लागू पडेनासं होतं. औषधाला दाद न देणारी थोडी आधीपासून असते, बाकीची मरते आणि उरलेलीचाच वंश वाढतो. म्हणून तर आपण गट बदलून फवारतो. १८५९ साली डार्विननं मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

आप्पांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण डाऊनीची डाऊनीच ऱ्हायली की. तिचं दुसरं काय झालं?" प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही.

त्यावर मुलीनं जे सांगितलं ते मला फार पटलं. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व अंगातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही, पण त्यासाठी लागणारं जनुक मोडक्या अवस्थेत आपल्यात आहे. चिंपांझी, गोरिला, माकडं यांच्यातही ते मोडकंच. गिनीपिगमध्येही मोडलंय, पण वेगळ्या तऱ्हेनं. मला आमचा सातबारा आठवला. पणजोबांच्या नावात एक काना जास्त पडला, तो पुढच्या प्रत्येक उताऱ्यात तसाच उतरत आला. ते उतारे शेजारी ठेवले की कुणालाही कळेल, सगळे एकाच कागदावरून उतरवलेत.

आप्पा म्हणाले, "देवाची इच्छा तशी आसंल." इथंच माझी खरी अडचण आहे. जनुक मोडकं असलं तरी देवाची इच्छा, धड असलं तरी देवाचीच इच्छा. मग हे उत्तर सोपं आहे, की त्यात नुसते शब्द कमी आहेत?

शक्यतेचं गणित मी करून पाहिलं. ‘उद्या पाऊस येईल’ यापेक्षा ‘उद्या पाऊस येईल आणि गाराही पडतील’ याची शक्यता जास्त असूच शकत नाही. अट वाढली की शक्यता कमी होते किंवा फार तर तेवढीच राहते. पण इथं दुसऱ्या विधानात पहिलं सामावलेलं आहे. उत्क्रांती आणि निर्मिती तशी एकमेकांत सामावलेली नाहीत. मग कशाची गृहीतकं किती, हे मोजायचं कसं?

आणि सोपं ते नेहमी टिकतंच असंही नाही. बुधाच्या कक्षेत शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) एवढा फरक न्यूटनच्या नियमातून निघत नव्हता. त्याचा उलगडा आइन्स्टाइननं १९१५ साली केला, आणि त्याचं गणित कितीतरी अवघड आहे.

मला स्वतःला वाटतं, उत्तर किती लहान यापेक्षा ते काय घडणार नाही म्हणून सांगतं, हे बघायला हवं. सशाचा जीवाश्म डायनोसॉरच्याही आधीच्या खडकात सापडला तर उत्क्रांती अडचणीत येईल. पण हा निकष आणि सोपेपणा एकच आहेत की वेगळे, हे मला नीट सांगता येत नाही. संख्याशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकवणारं कुणी इथं असेल तर कृपया समजावून सांगा. आप्पांच्या डाऊनीच्या प्रश्नालाही सरळ उत्तर हवंय. त्यांची श्रद्धा मोडायची नाही, तो माझा हेतूच नाही. पण नातीला त्यांनी विचारलंय, तर उत्तर प्रामाणिक मिळावं.

शक्यतो सोप्या मराठीत लिहा, मी ते आप्पांना वाचून दाखवणार आहे.