मदत हवी आहे: होसेनफेल्डच्या डायऱ्या जर्मनमधून वाचायला कोणी मदत करेल का?

नमस्कार मंडळी, जर्मनीत राहणारे किंवा जर्मन नीट येणारे कोणी आहे का इथे? मी विल्म होसेनफेल्डवर एक लेख लिहितोय. हा हिटलरच्या सैन्यातला अधिकारी, मूळचा खेड्यातला शाळामास्तर, पक्का कॅथलिक, आणि १९३५ मध्ये स्वतःहून नाझी पक्षात गेलेला. वॉर्सात पोस्टिंग झालं आणि तिथे ज्यूंचं काय चाललंय ते डोळ्यांनी बघून माणूस आतून हलला. पोलिश शिकला, पोलिश लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जायचा, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीतून निसटलेल्या एका ज्यूला खोट्या नावाने कामावर ठेवलं, आणि १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये लपलेल्या पियानोवादक श्पिलमानला खायला ब्रेड आणि अंगावर घालायला कोट दिला. आपण सगळे दोषी आहोत, अशा अर्थाचं तो डायरीत लिहितो, आणि वर्दी मात्र शेवटपर्यंत अंगावरच. शेवटी १९५२ मध्ये रशियन कैदेतच वारला बिचारा. ज्यांना वाचवलं त्यांनी खटपट केली तरी सुटका झाली नाही, हे वाचून मला खूप वाईट वाटलं.

मला अडलंय ते इथे, की देवावर श्रद्धा आणि हिटलरची शपथ या दोन्हींचा मेळ तो स्वतःच्या मनात कसा घालत होता? त्याची पत्रं आणि डायऱ्या २००४ मध्ये जर्मनमध्ये छापल्यात, पण मला जर्मन जेमतेम येतं. १९४२-४३ च्या नोंदींची दहा-बारा पानं कोणी माझ्यासोबत बसून, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, वाचेल का? प्लीज सांगा, वेळ तुमच्या सोयीने ठरवू.