ई-बुकातला पान नंबर नक्की कशाचा असतो? एकाच फाइलची पानं सगळ्यांकडे वेगळी

निवांत_वाचक
आम्ही काही जण मिळून एक कादंबरी वाचतोय. सगळ्यांकडे तीच ईपब फाइल आहे, तरी ग्रुपवर कुणी "पान २१२ वरचा संवाद बघा" म्हटलं की प्रत्येकाला भलतंच काहीतरी सापडतं. माझ्या फोनवर पुस्तक ९४० पानांचं आहे, एकीच्या ई-इंक रीडरवर ५१०, आणि तिसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये ३८०, त्यातही त्याच्याकडे दोन-तीनदा पान उलटलं तरी आकडा हलत नाही आणि मग पुढे सरकतो. फॉन्ट मोठा केला की माझी पानं वाढतात ते समजतं, पण तो फॉन्ट कितीही बदलो, त्याचे ३८० ते ३८०च. मग हा आकडा आहे कशाचा? आणि एकमेकांना जागा सांगायची तर कशी सांगायची?

फाइल_उघडून_बघा
सगळ्यात आधी एक गोष्ट, ईपब फाइलमध्ये पान असं काही नसतंच. ती एक झिप फाइल आहे, आत प्रकरणांच्या एक्सएचटीएमएल (वेबपेजसारख्या) फायली, दिसण्याचे नियम सांगणारी सीएसएस, चित्रं, फॉन्ट, बस. मजकूर एका लांबलचक पट्टीसारखा असतो आणि स्क्रीन केवढी, फॉन्ट केवढा, समास किती ते बघून रीडर त्याचे तिथल्या तिथे तुकडे पाडतो. त्यामुळे तुम्हाला दिसणारा नंबर त्या अ‍ॅपने कुठली पट्टी लावून मोजलंय त्यावर ठरतो.

तुमचा फोन सरळ स्क्रीन मोजतोय, एक स्क्रीन म्हणजे एक पान. अ‍ॅपल बुक्स वर्षानुवर्षं हेच करत आलंय. यात गोची अशी की एकूण पानं सांगायची तर अख्ख्या पुस्तकाची मांडणी करून बघावी लागते, म्हणून काही अ‍ॅप फॉन्ट बदलला की थोडा वेळ आकडाच दाखवत नाहीत, आणि काही ती कटकट टाळायला फक्त चालू प्रकरणापुरती पानं मोजतात.

३८० वाल्यांकडे बहुतेक अडोबीची पद्धत आहे. अडोबीच्या इंजिनमध्ये, म्हणजे त्यांचं डिजिटल एडिशन्स हे ई-बुक अ‍ॅप आणि ते इंजिन वापरणारे बरेच रीडर, प्रकरणाच्या फाइलचा झिपमधला दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) आकार घेतात आणि दर १०२४ बाइटांना एक पान धरतात. आकार फॉन्टने बदलत नाही म्हणून आकडा पक्का राहतो, शिवाय मांडणी न करता क्षणात काढता येतो, जुन्या कमी ताकदीच्या रीडरवर हे फार कामाचं होतं. पण १०२४ दाबलेल्या बाइटांतून बाहेर येणारा मजकूर फोनच्या एका स्क्रीनवर मावत नाही, म्हणून दोन-तीनदा उलटावं लागतं. उलट मोठ्या स्क्रीनवर बारीक फॉन्ट ठेवला तर आकडा दोन-दोनने उडी मारेल. रीडियम या खुल्या ई-बुक इंजिनवर बांधलेल्या अ‍ॅपमध्ये याच्याच जवळची पद्धत आहे, तिथे त्याला पान न म्हणता पोझिशन म्हणतात आणि मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

किंडल २००७ मध्ये आलं तेव्हा त्यांनी पान हा शब्दच टाळला आणि लोकेशन दिलं, मजकुराच्या शे-दीडशे बाइटांना एक, म्हणून ते आकडे हजारांत जातात. वाचकांना ते पचलं नाही, आणि २०११ मध्ये छापील पुस्तकाशी जुळणारे नंबर द्यायला सुरुवात झाली, त्याचा नकाशा पुस्तकासोबत वेगळ्या फाइलमध्ये येतो.

मात्रा_वेलांटी
यात मराठी पुस्तकांचं एक वेगळंच आहे ते सांगते कारण कुणी बोलत नाही. बाइट मोजून पानं पाडायची म्हटलं की लिपी आडवी येते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, साधं इंग्रजी अक्षर १ बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि मात्रा, उकार, हलन्त सगळे वेगळे धरायचे. "पुस्तक" शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, फाइलमध्ये ६ चिन्हं आणि १८ बाइट. म्हणजे न दाबलेले बाइट मोजणाऱ्या पद्धतीत तेवढ्याच लांबीच्या मराठी पुस्तकाला इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त "पानं" मिळतात. अडोबीच्या पद्धतीत फरक कमी पडतो, कारण त्या ३ बाइटांतले पहिले दोन जवळजवळ ठरलेलेच असतात आणि झिपमध्ये असली पुनरावृत्ती छान दाबली जाते. तरी नाहीसा होत नाही.

कॅलिब्रे हे ई-बुक सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर किंडलला पुस्तक पाठवताना पानांचा नकाशा ते स्वतः बनवू शकतं. त्याच्या झटपट पद्धतीत २३०० कॅरॅक्टरला एक पान, आणि तो आकडा एका चाचणी पुस्तकाचं छापील पान मोजून आणि त्यात टॅगसाठी थोडी भर घालून ठरवलेला आहे. दुसरी सावकाश पद्धत ओळींचा हिशोब करते, ३२ ओळींचं पान, ओळीत जास्तीत जास्त ७० कॅरॅक्टर. दोन्ही इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवल्यात हे उघड दिसतं. मराठी पुस्तकावर हे नंबर छापील प्रतीशी जुळतील अशी आशा ठेवू नका.

निवांत_वाचक
आता कळलं, आभार. पण मग छापील प्रतीशी खरंच जुळणारे नंबर ईपबमध्ये घालताच येत नाहीत का? आमच्यात एकाकडे छापील पुस्तक आहे, त्याच्याशी जमलं तर सगळंच सोपं होईल.

ऐकून_वाचणारा
येतात, आणि सोय बरीच जुनी आहे, प्रकाशक वापरत नाहीत हे दुखणं आहे. ईपब २ मध्येही पानांची यादी देता यायची, २०११ च्या ईपब ३ पासून ती नेव्हिगेशनच्या (अनुक्रमणिका असते त्या) फाइलमध्ये पेज-लिस्ट म्हणून देतात आणि मजकुरात जिथे छापील पान सुरू होतं तिथे पेजब्रेकची खूण टाकतात. खूण मजकुरातच असल्यामुळे फॉन्ट बदला, फोन बदला, पान ८७ त्याच शब्दाला चिकटून राहतं. भलेही ते स्क्रीनच्या मधोमध सुरू होवो.

मी स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचतो त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. वर्गात शिक्षक "पान ८७ काढा" म्हणतात तेव्हा बाकीचे दोन सेकंदांत तिथे असतात, आणि पेज-लिस्ट नसलेलं ई-बुक असेल तर अंध मुलगा शोधत बसतो आणि तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. यादी असेल तर "पानावर जा" मध्ये ८७ टाकलं की झालं. छापायची फाइल तयार होते तेव्हा कुठलं पान कुठे सुरू होतं ते प्रकाशकाकडे असतंच, ईपब काढताना ते सोबत न्यायचं एवढंच. ते टाकून देतात तेव्हा मला खरंच राग येतो.

फाइल_उघडून_बघा
+१. आणि तुमच्या फाइलमध्ये यादी आहे का ते लगेच बघता येईल, कॉपी करून नावाचा शेवट .ईपब ऐवजी .झिप करा, उघडा, नेव्हिगेशनच्या फाइलमध्ये पेज-लिस्ट शोधा. असेल तर कोरीडरसारखं ते नंबर दाखवणारं अ‍ॅप सगळ्यांनी घ्या. पण यादी कुठल्या आवृत्तीवरून केलीय तेही बघा, पुठ्ठा बांधणीची पानं वेगळी आणि साध्या बांधणीची वेगळी असू शकतात. त्याच झिपमधल्या, पुस्तकाची माहिती ठेवणाऱ्या ओपीएफ फाइलमध्ये सोर्स म्हणून बहुतेक वेळा मूळ पुस्तकाचा आयएसबीएन दिलेला असतो, तो तुमच्या मित्राच्या प्रतीवरच्याशी ताडून पाहा.

मात्रा_वेलांटी
आणि यादी नसेल तर प्रकरण नंबर आणि त्या जागेचे चार-पाच शब्द जसेच्या तसे ग्रुपवर टाका, बाकीच्यांनी सर्चमध्ये घालावेत. टक्के सांगू नका, तेही प्रत्येक अ‍ॅप आपल्या पद्धतीने काढतं, कुणी शेवटची परिशिष्टं धरतं कुणी नाही. लेखात संदर्भ द्यायचा असेल तरी हेच, एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) संदर्भ-शैली किंडलचं लोकेशन देऊ नका म्हणते, प्रकरण, उपशीर्षक, परिच्छेदाचा क्रमांक द्या म्हणते. ओव्यांचा संदर्भ आपण अध्याय आणि ओवी नंबरनेच देत आलोय, कुठल्याही छापखान्याची प्रत घ्या, सापडतं. फक्त शब्द कॉपी करताना एक जपा, काही जुन्या मराठी फायलींत "र्‍या" सारखी जोडाक्षरं वेगळ्या पद्धतीने टाइप केलेली असतात आणि सर्चला सापडत नाहीत, म्हणून असं अक्षर नसलेला तुकडा निवडा.